चार दिवसांत अवघड बेसलाइन बसवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: आमच्या हौशी बँडचा बेसवादक आजारी पडल्यामुळे येत्या शनिवारच्या कार्यक्रमात त्याच्या जागी मला उभे राहावे लागणार आहे. मी सुमारे तीन वर्षे बेस गिटार वाजवतो आणि कॉर्डचा मूळ सूर धरून चालणारी साधी साथ मला जमते. मात्र एका कव्हर गाण्याची बेसलाइन आवाक्याबाहेरची वाटते. लय मिनिटाला ११२ मात्रांची आहे, बहुतेक आघात दोन मात्रांच्या मधल्या जागांवर पडतात, सप्तकाच्या उड्या आहेत आणि मधूनमधून सूर नसलेला, नुसता ‘ठक’ असा मुका आघात येतो. इंटरनेटवर मिळालेला टॅब (तार आणि बोटाची जागा दाखवणारी लेखी नोंद) मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळत नाही. संथ लयीत ओळ वाजते, पण मूळ लयीत कोरसच्या दुसऱ्या भागात हात हमखास अडखळतो. हाताशी चार दिवस आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ वाद्य खाली ठेवून नुसते ऐकण्यात घालवावा, असे सुचवले तर चार दिवसांच्या मुदतीत ती उधळपट्टी वाटेल, तरीही माझा आग्रह तोच आहे. तुमच्या पत्रावरून असे दिसते की टॅब समोर ठेवून तुम्ही थेट बोटांपासून सुरुवात केली. बोट कोणत्या तारेवर आणि कोणत्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी कोणत्या पट्टीमागे, ठेवायचे ते टॅब सांगतो. आघात नेमका केव्हा पडतो आणि सूर किती वेळ टिकतो हे बहुतेक टॅबमधून कळत नाही, आणि तुमच्या ओळीची अवघड बाजू तर नेमकी तीच आहे. शिवाय एकच सूर बेस गिटारवर दोन-तीन ठिकाणी मिळतो. त्यामुळे टॅब लिहिणाऱ्याने निवडलेली जागा मूळ वादकाचीच असेल याची खात्री नसते, आणि ती तुमच्या हाताला सोयीची असेल असे तर मुळीच गृहीत धरू नये.

ऐकताना पहिली अडचण वाद्याच्याच स्वभावातून येते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड ई तार खुली, म्हणजे कोठेही न दाबता, छेडली तर सुमारे ४१.२ हर्ट्झवर वाजते. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून हा मूळ कंप जवळजवळ बाहेरच पडत नाही. आपल्याला त्याचे वरचे उपस्वर ऐकू येतात आणि त्यांवरून मेंदू खालचा सूर ओळखतो. म्हणूनच अशा स्पीकरवर सूर कोणता ते कळले, तरी तो कोणत्या सप्तकातला आहे याबद्दल फसगत होते, आणि तुमच्या ओळीत तर सप्तकाच्या उड्याच आहेत. चांगले हेडफोन वापरावेत. तेवढ्यानेही स्पष्ट ऐकू आले नाही, तर गाण्याची पट्टी एक सप्तक वर न्यावी: गायन विचित्र वाटेल, पण बेस मधल्या पट्टीत येऊन एकेक सूर सुटा ऐकू येईल. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लय न बदलता पट्टी बदलता येते आणि पट्टी न बदलता लय उतरवता येते. गाण्यातून गायन, ड्रम आणि बेस वेगळे काढणारी साधनेही आता सहज मिळतात. डीझर या कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ सर्वांसाठी खुले केले आणि त्यानंतर अशा साधनांची संख्या खूप वाढली. मात्र अशा रीतीने वेगळ्या काढलेल्या बेसमध्ये किक ड्रमचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) ठोका मिसळलेला असू शकतो, तसेच आघाताची धार बोथट होऊ शकते. मुका आघात आणि किक यांत गोंधळ झाला, तर मूळ गाण्याकडे परतावे आणि निर्णय तेथे करावा.

टॅब जुळत नसण्याचे एक साधे कारण सुरात लावण्याचे असू शकते. काही बँड सगळी वाद्ये अर्धा स्वर उतरवून लावतात, आणि टेपवर झालेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत टेपचा वेग किंचित बदलल्यामुळे गाणे ४४० हर्ट्झच्या प्रमाण पट्टीपासून थोडे ढळलेले असते. ओळीतला सर्वांत खालचा सूर शोधावा. तो खुल्या ई तारेच्याही खाली जात असेल, तर तार उतरवलेली आहे किंवा वाद्य पाच तारांचे आहे, हे लगेच कळते.

यानंतर गाण्याचा आराखडा एका कागदावर उतरवावा: सुरुवात किती बारची (बार म्हणजे येथे चार मात्रांचे एक आवर्तन), कडवे किती बारचे, कोरस किती वेळा येतो, शेवटच्या कोरसमध्ये काय बदलते. हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यातून मोठा दिलासा मिळतो. संपूर्ण गाण्यात शंभराच्या आसपास बार असले, तरी त्यांतले खरोखर वेगळे बार बहुधा मोजकेच निघतात आणि बाकी सगळी त्यांची पुनरावृत्ती असते. सारखे असलेले बार एकाच अक्षराने नोंदवावेत. असे केले की चार दिवसांत संपूर्ण गाणे नव्हे, तर हे मोजके बार बसवायचे आहेत, हे डोळ्यांना दिसते.

आता त्या वेगळ्या बारपैकी एकेकाला जवळून पाहावे. चौकटीच्या कागदावर एका ओळीत सोळा घरे घ्यावीत, चार मात्रा आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग. पहिले, पाचवे, नववे आणि तेरावे घर ही मात्रांची घरे होत. बार अतिशय संथ करून ऐकावा आणि ज्या घरात आघात पडतो तेथे खूण करावी. समजा, खुणा पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, अकराव्या आणि पंधराव्या घरात आल्या. सहापैकी एकच आघात मात्रेवर आहे आणि उरलेले पाच मधल्या जागांवर. संथ लयीत तुमच्या बोटांना हे जमते, कारण प्रत्येक आघाताआधी जागा मोजायला अवधी मिळतो. ११२ च्या लयीत एका घराला जेमतेम ०.१३ सेकंद मिळतो आणि मोजणी सुटते. म्हणून लय आधी तोंडात बसायला हवी. पायाने मात्रा धरावी, तोंडाने ‘त-क-धि-मि, त-क-धि-मि’ असे सोळा बोल सारख्या अंतराने म्हणावेत आणि फक्त खूण केलेल्या घरांवर टाळी द्यावी. टाळी मूळ लयीत, न थांबता, गाणे चालू असताना पडू लागली की मगच गिटार हातात घ्यावी. या टप्प्याला बगल देण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि पुढच्या बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात.

बोटांच्या जागा ठरवताना हाताची कमीत कमी हालचाल हा एकच निकष ठेवावा. वरच्याच बारचे सूर असे मानू: पहिल्या घरात खुली ई, चौथ्यात वरच्या सप्तकातली ई, सातव्यात जी, आठव्यात मुका आघात, अकराव्यात ए आणि पंधराव्यात बी. हा बी ई तारेच्या सातव्या फ्रेटवर घेतला, तर हात धावत राहतो. त्याऐवजी डावा हात दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर स्थिर ठेवला, तर वरची ई डी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तर्जनीखाली येते, जी हा सूर ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर मधल्या बोटाखाली, ए त्याच तारेच्या पाचव्या फ्रेटवर करंगळीखाली आणि बी हा सूर ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर पुन्हा तर्जनीखाली; हात जागचा हलत नाही. ए खुल्या तारेवरही मिळेल, पण खुली तार वाजत राहते आणि सूर केव्हा तोडायचा यावरचा ताबा कमी होतो, म्हणून मी येथे दाबलेला सूर पसंत करेन. हात लहान असेल तर एक सावधगिरी बाळगावी. सर्वसाधारण, ३४ इंची लांबीच्या बेस गिटारवर दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटमधले अंतर सुमारे १२२ मिलिमीटर भरते, तर नवव्या ते बाराव्या फ्रेटमधले सुमारे ८२. खालच्या जागी बोटे ताणली जात असतील, तर अनामिका करंगळीच्या मदतीला घ्यावी, अंगठा मोकळा सोडून हात किंचित सरकू द्यावा, किंवा खुल्या तारा नसलेला तुकडा वरच्या फ्रेटवर न्यावा.

येथे संथ रियाजाचा एक धोका सांगणे आवश्यक आहे. संथ लयीत बोटे तारेपासून बरीच उचलली, मनगट वळवले, नको तेथे जागा बदलली तरी सगळे निभावून जाते. लय वाढली की याच हालचालींना वेळ पुरत नाही. ‘संथ वाजते, पण मूळ लयीत अडखळते’ या तक्रारीचे हे सर्वांत मोठे कारण असते आणि ते केवळ अधिक मेहनतीने जात नाही. उपाय असा, की बोटांच्या जागा ठरवतानाच चार-पाच सुरांचा छोटा तुकडा मूळ लयीत एकदा वाजवून पाहावा. तो पुसट वाजला तरी चालेल; त्या वेगात हात कोठे जातो आणि कोणती जागा अशक्य आहे, एवढेच तपासायचे असते. जागा पक्क्या झाल्या की त्या लिहून ठेवाव्यात आणि पुन्हा बदलू नयेत. तिसऱ्या दिवशी सुचलेली अधिक चांगली जागासुद्धा या कार्यक्रमापुरती सोडून द्यावी.

उजव्या हाताबाबतही हेच धोरण ठेवावे. तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने वापरण्याची पद्धत उत्तम आहे, पण तो नियम नव्हे: मोटाउनच्या १९६०च्या दशकातील कितीतरी ध्वनिमुद्रणांवर ज्यांचा बेस ऐकू येतो, ते जेम्स जेमरसन फक्त तर्जनीने वाजवत. महत्त्व आहे ते प्रत्येक वेळी त्याच सुराला तेच बोट येण्याला. सप्तकाच्या उडीत खालची ई तर्जनीने आणि वरची मधल्या बोटाने घ्यावी. वरचा सूर छेडताना उजवा अंगठा पिकअपवरून (तारांखालच्या ध्वनिग्राहकावरून) ई तारेवर टेकवला की खालची खुली तार आपोआप बंद होते आणि दोन सूर एकमेकांत मिसळत नाहीत. मुक्या आघातासाठी डाव्या हाताचे बोट तारेवरून उचलायचे नसते, फक्त दाब सोडायचा असतो, आणि शेजारची एक-दोन बोटेही तारेला अलगद टेकवायची असतात. एकाच बोटाने पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श केला, तर ‘ठक’ऐवजी घंटेसारखा हार्मोनिक वाजतो, तुमच्या ओळीत मधूनच परके सूर उमटत असतील तर कारण बहुधा हेच आहे.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनोम ६७ च्या आसपास, म्हणजे मूळ लयीच्या साठ टक्क्यांवर लावावा. एकेक बार घ्यावा, पण तो नेहमी पुढच्या बारच्या पहिल्या सुरापर्यंत वाजवावा. बार सुटे पक्के करून नंतर जोडले की सांधे कच्चे राहतात आणि हात अडखळतो तो बहुधा सांध्यावरच. तुमच्या कोरसचा दुसरा भाग मागून पुढे बसवावा: आधी शेवटचा बार, मग शेवटचे दोन, मग तीन. असे केल्याने वाजवताना आपण नेहमी कच्च्या भागाकडून पक्क्या भागाकडे जातो आणि ताण वाढण्याऐवजी उतरत जातो. लय चार-पाच मात्रांनी वाढवावी. लागोपाठ तीनदा चूक झाली तर एक पायरी खाली यावे आणि त्या वेळी चुकीचा सूर नेमका कोणता, हे शोधावे. बहुतेकदा एकच सूर किंवा एकच बोट दोषी निघते आणि तेवढ्यावर पाच मिनिटे दिल्याने सुटते. सलग तीन तास बसण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांच्या चार-पाच बैठका करून मध्ये बँडची इतर गाणी वाजवावीत, आणि झोपेवर कात्री लावू नये. हालचालींची स्मृती झोपेत पक्की होते, त्यामुळे रात्री न जमलेला तुकडा सकाळी सुटल्याचा अनुभव वादकांना नेहमी येतो.

तिसऱ्या दिवशी ड्रमरला गाठावे, शक्य असेल तर बाकी बँडच्या आधी एकट्याला. किक ड्रम कोणत्या घरांत पडते ते त्याच सोळा घरांच्या कागदावर दुसऱ्या ओळीत लिहावे. वरच्या उदाहरणात किक पहिल्या, सातव्या आणि अकराव्या घरात पडत असेल, तर ओळीचा सांगाडा म्हणजे हे तीन सूर. हे तीन सूर नेमक्या जागी आणि नेमक्या लांबीचे पडले तर गाणे उभे राहते. चौथ्या घरातली उडी आणि आठव्या घरातला मुका आघात त्यावरची कारागिरी आहे. यात अपवाद एकच: ज्या जागी बेस एकटा ऐकू येतो, किंवा ज्या चार सुरांवरून श्रोते गाणे ओळखतात, तो तुकडा जसाच्या तसा वाजला पाहिजे आणि तुमच्या वेळाचा मोठा वाटा त्यालाच मिळाला पाहिजे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक बारबद्दल निर्णय घ्यावा, संपूर्ण वाजवायचा की सांगाड्यावर. जो बार ११६ च्या लयीत सलग तीनदा शुद्ध वाजत नाही तो सांगाड्यावर. ११६ यासाठी, की कार्यक्रमाच्या उत्साहात बँडची लय थोडी वाढतेच. सांगाडाही तालमीत वाजवून हातात बसलेला हवा. ऐनवेळी सूर गाळत गेलो तर नेमके महत्त्वाचे सूर गळतात.

चौथ्या दिवशी नवीन काही शिकू नये. गाणे उभे राहून, पट्टा कार्यक्रमात असेल तेवढ्याच लांबीचा ठेवून वाजवावे, कारण बसून आणि उभे राहून मनगटाचा कोन बदलतो. मंचावर प्रकाश कमी असतो, म्हणून फ्रेटबोर्डच्या कडेवरचे ठिपके पाहून जागा ओळखण्याची सवयही त्याच दिवशी करावी. कार्यक्रमाच्या आधी ओळ एक-दोनदा संथ लयीत वाजवावी आणि वाद्य खाली ठेवावे.

प्रश्न: अवघड बेसलाइन कशीबशी बसवत असतानाच आमच्या गायिकेने गाणे दोन अर्धस्वर खाली घ्यायला सांगितले आहे. ओळ खुल्या ई तारेवर आधारलेली आहे, म्हणजे आता सर्वांत खालचा सूर डी होतो आणि तो माझ्या चार तारांच्या वाद्यावर नाही. कार्यक्रम तीन दिवसांवर आहे. पाच तारांचे वाद्य मागून आणावे का?

उत्तर: नाही. पाच तारांच्या वाद्यावर डी मिळतो हे खरे, खालच्या बी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. पण तारांमधले अंतर, उजव्या अंगठ्याची टेकण्याची जागा आणि तारा बंद ठेवण्याची सगळी पद्धत बदलते. इतक्या थोड्या दिवसांत नवी ओळ आणि नवे वाद्य एकत्र अंगवळणी पडणे कठीण आहे. पट्टीबद्दल गायिकेशी वाद घालू नये, हेही येथेच सांगतो. गळ्याला न झेपणारी पट्टी कितीही चांगल्या बेसने भरून निघत नाही.

फक्त ई तार डीपर्यंत उतरवणे हा झटपट उपाय आहे आणि साध्या ओळीला तो पुरतो. उतरवलेल्या तारेवरचे फ्रेट आधीचेच राहतात, कारण तार आणि पट्टी दोन्ही सारख्याच खाली आल्या आहेत. बाकी तीन तारांवरचा प्रत्येक सूर मात्र दोन फ्रेट मागे जातो. दुसऱ्या फ्रेटवरचे सूर खुल्या तारांवर येतात आणि वाजत राहतात, तर पहिल्या फ्रेटवर किंवा खुल्या तारेवर असलेल्या सुरांना त्या तारेवर जागाच उरत नाही व ते शेजारच्या जाड तारेवर शोधावे लागतात. म्हणजे बोटांना नुकतेच लागलेले वळण निम्मे मोडते. म्हणून तुमच्या बाबतीत चारही तारा दोन अर्धस्वर खाली, म्हणजे डी, जी, सी आणि एफ अशा लावाव्यात. बोटांची एकही जागा बदलत नाही. सर्वांत जाड तार आता सुमारे ३६.७ हर्ट्झवर वाजेल, ती सैल वाटेल आणि जोरात छेडल्यास फ्रेटवर खरखरेल. म्हणून छेडण्याचा जोर कमी करून ऍम्पचा आवाज थोडा वाढवावा. सगळ्या तालमी याच लावणीत कराव्यात, म्हणजे सैल तारेची सवय होते. तार नेहमी हव्या सुराच्या खाली नेऊन मग वर चढवत लावावी, अन्यथा ती गाण्याच्या मध्यात आणखी उतरते. गाणे कार्यक्रमाच्या सुरुवातीला किंवा मध्यंतरानंतर लगेच घेतले तर तारा बदलून लावायला वेळ मिळतो. कोणाकडून दुसरी चार तारांची बेस गिटार मिळाली आणि ती याच गाण्यासाठी लावून ठेवली, तर फारच उत्तम.

प्रश्न: मूळ गाण्याबरोबर वाजवताना माझी बेसलाइन अगदी नेमकी बसते, पण बँडबरोबर वाजवू लागलो की मी पुढे पळतो, असे ड्रमर सांगतो. मला स्वतःला तसे जाणवत नाही. कार्यक्रम आठवड्यावर आला आहे. दोघांपैकी कोणाचे बरोबर समजावे?

उत्तर: ड्रमरचे बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे, आणि तुमच्याच पत्रात त्याचे कारण आहे. मूळ गाण्याबरोबर वाजवताना त्यातला बेस तुमच्या कानात चालू असतो. तुम्ही वाजवता त्यापेक्षा त्याच्या मागोमाग जाता. तुमचा सूर किंचित आधी पडला तरी दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात आणि चूक झाकली जाते. बँडमध्ये तो आधार नसतो. म्हणून पहिली गोष्ट, गाण्यातला बेस काढून टाकून, फक्त ड्रम आणि बाकी वाद्यांबरोबर वाजवावे. दुसरी गोष्ट, स्वतःचे वादन फोनवर ध्वनिमुद्रित करून तासाभराने ऐकावे. वाजवताना कान पुढच्या सुरात गुंतलेला असतो, त्यामुळे घाई त्याच क्षणी कळत नाही. नंतर ऐकताना ती लपत नाही.

घाई कोठे होते हेही पाहावे. माझ्या मते ती आघातांत कमी आणि रिकाम्या जागांत जास्त होते. लागोपाठ येणारे चार सूर बोटे बऱ्यापैकी सारख्या अंतराने टाकतात, पण त्यानंतर पाऊण मात्रेची शांतता आली की ती पुरती भरण्याआधीच पुढचा सूर पडतो. यावर उपाय असा, की शांततेतही मनात सोळाव्या भागांची मोजणी चालू ठेवावी. सुरुवातीला ती तोंडाने पुटपुटावी, नंतर आपोआप आत जाते. मेट्रोनोमचा ठोका चारही मात्रांवर न ठेवता फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे जेथे स्नेअर ड्रम पडतो तेथे, आहे असे मानून वाजवावे. ११२ च्या लयीसाठी मेट्रोनोम ५६ वर लावायचा आणि समेची जागा आपण स्वतः धरायची. पहिल्या दिवशी हे विलक्षण कठीण वाटते. ते जमू लागले की पुढची पायरी म्हणजे ठोका दोन बारमध्ये एकदाच ऐकणे. मेट्रोनोमची काही ऍप ठरावीक बारनंतर ठोका बंद करून पुन्हा सुरू करतात. तो परत सुरू होईल तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर आहात की पुढे, हे त्या क्षणी कळते.

आणखी एक गोष्ट सुरांच्या लांबीची. सूर वेळेवर सुरू झाला पण लवकर तुटला, तरी ऐकणाऱ्याला ओळ पळते आहे असे वाटते. मूळ गाण्यात सूर स्नेअरच्या ठोक्यापर्यंत टिकतो की त्याच्या आधी तुटतो, हे ऐकून ठरवावे आणि ड्रमरशी बोलून तेवढाच टिकवावा.

प्रश्न: दोन दिवस सलग रियाज केल्यावर डाव्या मनगटात आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले आहे. कार्यक्रम परवा आहे. दुखणे सहन करून वाजवत राहावे का?

उत्तर: अजिबात नाही. बोटांच्या टोकांची जळजळ वेगळी आणि मनगटातले दुखणे वेगळे. पहिले काही दिवसांत जाते, दुसरे दुर्लक्षित केल्यास महिनोन्‌महिने हात धरून बसवते. आज वाद्य हातात घेऊ नये. ओळ मनात वाजवावी, बोल म्हणावेत, मूळ गाणे ऐकत फ्रेटबोर्ड डोळ्यांसमोर आणावा. या रीतीने बराच रियाज खरोखर होतो. उद्या वाजवताना मनगट शक्य तितके सरळ राहील इतका पट्टा आखूड करावा आणि अंगठा मानेवर किती जोराने दाबला जातो ते पाहावे. तपासायची रीत सोपी आहे: अंगठा मानेवरून पूर्ण उचलून दोन-चार सूर वाजवावेत. दंडाच्या वजनानेच तार दाबली जाते, हे लक्षात येईल. बोट फ्रेटच्या मधोमध न ठेवता धातूच्या पट्टीच्या लगेच मागे ठेवले तर लागणारा जोर आणखी कमी होतो. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून त्या खाली करून घ्याव्यात. बोटांत बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील, अथवा विश्रांतीनंतरही दुखणे राहिले, तर कार्यक्रमाआधीच डॉक्टरांना दाखवावे आणि बँडला वेळेवर कल्पना द्यावी.

प्रश्न: थोड्या दिवसांत बसवलेल्या ओळीत मंचावर मध्येच वाट चुकले तर काय करावे? समोर कागद ठेवलेला चालेल का?

उत्तर: कागद अवश्य ठेवावा, पण त्यावर सूर लिहू नयेत. मिनिटाला ११२ मात्रांच्या लयीत टॅब वाचून वाजवणे शक्य नसते आणि तसा प्रयत्न केल्यास डोळे कागदावर अडकतात. गाण्याचा आराखडा मोठ्या अक्षरांत लिहावा: विभागाचे नाव, बारची संख्या, कॉर्ड आणि जेथे ओळ बदलते तेथे एक ठळक खूण.

वाट चुकलीच, तर हात थांबवू नये आणि चुकलेला सूर दुरुस्त करण्यासाठी मागे जाऊ नये. तार दाबणे सोडून मुके आघात त्याच लयीत चालू ठेवावेत. श्रोत्यांना तो जाणूनबुजून केलेला बदल वाटतो आणि तेवढ्या वेळात स्नेअर ऐकून तुम्हाला दुसरी आणि चौथी मात्रा सापडते. मग पुढच्या समेवर चालू कॉर्डचा मूळ सूर घ्यावा आणि त्या विभागाच्या शेवटापर्यंत सांगाड्यावर राहावे. पूर्ण ओळीत परतण्याची घाई करू नये. नवा विभाग सुरू होतो तेथूनच ती पुन्हा धरावी. हा प्रसंग तालमीतही एकदा घडवून आणावा: बँड वाजवत असताना मुद्दाम चार मात्रा थांबावे आणि वर सांगितल्याप्रमाणे परत यावे. परतीची जागा म्हणून ड्रमरकडून प्रत्येक विभागाच्या आधी एकच ठरावीक फिल (विभाग बदलताना वाजवायचा छोटा तुकडा) मागून घ्यावा, आणि त्या वेळी त्याच्याकडे पाहण्याची सवय ठेवावी.